कोरड्या पाठी

खेळ थांबला की बाई प्रत्येक पोरीच्या पाठीवर तळवा ठेवत. ओला लागला, तरच मान हलवत. "पाठ भिजली न्हाई, तर खेळ कशाचा?" असं म्हणून तोच तळवा पदराला पुसत. मला किळस यायची. मी गणिताचा मास्तर, खडूखेरीज अंगाला काही न लागलेला.

हट्टा गावाजवळच्या आमच्या शाळेत त्या खो-खो शिकवायच्या. स्वतः बंजारा तांड्यावरच्या. एकदा एका पोरीचा बाप थेट मैदानात आला.

"बाई, लगीन ठरवून राहिलो हिचं."

"संघात हाय ती. तालुक्याचे सामने होऊ द्या."

"मंग?"

"मंग जिल्ह्याचे."

तो बिचारा सामने संपायची वाट बघत बसला आणि पोरगी दहावी झाली. अशा कितीतरी पोरी बाईंनी शाळेत टिकवल्या.

दोन हजार सालानंतर शाळेत संगणक आले. क्रीडासप्ताहात संस्थेच्या अध्यक्षांनी मुलींचा खो-खो काढून टाकला आणि संगणकावरच्या मोटारींच्या शर्यती ठेवल्या. सुपारी चघळत म्हणाले, "हा बी खेळच हाय. पोरींना पळायची तकलीफ न्हाई, लोकांनी बघायचं न्हाई." त्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

वर पंच म्हणून बाईंनाच बसवलं. शर्यती संपल्यावर बाई खुर्च्यांमागून पाठी चाचपत निघाल्या. "कोरडी. ही बी कोरडी." एका पोराची ओली निघाली. बाई थबकल्या, वरच्या बंद पंख्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पंखा लावा रे ह्याचा!" मग माइक घेतला. "खेळ झालाच न्हाई. नंबर कोणाला देऊ?"

आम्ही पोट धरून हसलो. अध्यक्ष हसले नाहीत.

आठवड्यात खो-खोचे खांब उपटले गेले आणि मैदानावर गाड्या लावायला पत्र्याची शेड उभी राहिली. बाईंची बदली संस्थेच्या दुसऱ्या, फक्त मुलांच्या शाळेत झाली. संगणकावरचा खेळ हा खेळ की नाही, यावर तुम्ही खुशाल वाद घाला. मला त्या वादाचीच घाण वाटते. अध्यक्षांना कुठल्याच खेळाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना पोरी पळायला नको होत्या.

जायच्या दिवशी बाई ते दोन्ही खांब घेऊन एसटीत चढल्या. कंडक्टर खेकसला, "ओ बाई, ही लाकडं काहून घेऊन चालल्या?"

"मैदान हाय माझं. बराबर तिकीट फाडा त्याचं."

बस गेली. शाळेच्या फाटकात संघातल्या पोरी उभ्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींची लग्नं त्याच उन्हाळ्यात उरकली.