अकरा झाडांची हजेरी

पुराच्या गढूळ पाण्यात एक भली मोठी लोखंडी कढई स्वतःभोवती सावकाश फिरते आहे, आणि तिच्यात मांडी घालून, डोक्यावर काळी छत्री धरून, आमचे गुरुजी बसले आहेत... कधी त्यांचं तोंड आमच्या काठाकडे, कधी पाठ, पुन्हा तोंड. दोन्ही काठांच्या बाभळींना बांधलेला दोर ओढत बाबा कढई अलीकडे आणताहेत आणि मी चिखलात उभा राहून गुरुजींच्या गिरक्या मोजतो आहे. सातपेक्षा जास्त झाल्या तर पहिला तास गणिताचा होत नसे. गुरुजींना मग आकडेच फिरताना दिसत. म्हणून दोर धरू लागण्याच्या निमित्तानं मी त्याला अधूनमधून एखादा हिसका देई. शिक्षणक्षेत्रातलं माझं पहिलं कार्य ते.

ही कढई मागच्या महिन्यात डोळ्यांपुढे पुन्हा फिरू लागली, ती सौंसरच्या शाळेत, माझ्या वर्गात. मी सहावीला भूगोल शिकवतो. फळ्यावर इंडोनेशियाचा नकाशा टांगून, हजारो बेटांचा देश, काही बेटांवर जेमतेम एखादं गाव, असं पुस्तकातलं वाचून दाखवत होतो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तिथली पोरं मोठी झाली का तिथंच राहतेत?" मी म्हणालो, काही राहतात, काही जातात. "आन् गेलेले वापस येतेत?" या प्रश्नाला घंटा वाजली, म्हणून मी वाचलो.

कारण मी बेटावरच जन्मलो होतो. लोधीखेड्याच्या पुढे कन्हान नदी दोन फाट्यांत फुटते आणि कोसभरानं पुन्हा एक होते. मधल्या जमिनीवर आमचं गाव. त्याला नाव होतं, पण सगळे टापूच म्हणत. मृगापासून दिवाळीपर्यंत चारही बाजूंना पाणी. कधीकाळी तिथं ऊस होता, गुऱ्हाळ होतं. ते मोडलं आणि गुळाची कढई तेवढी उरली, ती आमची नाव झाली. पावसात भिजली की तिच्यातून जुन्या काकवीचा करपट-गोड वास येई आणि वर्गात पोचलेल्या गुरुजींच्या पँटवर दोन-चार मुंग्या हमखास सापडत.

शाळेत आम्ही अकरा जण होतो. मग एकेक घर उठू लागलं... कुणी पांढुर्ण्याला, कुणी नागपूरला. दरवर्षी कढई कुणाची तरी भांडीकुंडी, गाद्या, रडणारी पोरं घेऊन पलीकडे जाई आणि रिकामी, हलकी, जास्तच गरगरत परत येई. मी चौथीत गेलो तेव्हा हजेरीपटात एकच नाव उरलं होतं. वर्गात पहिला नंबर माझाच येई; शेवटचाही. एकदा मी एकट्यानं लपाछपी खेळून पाहिली. तुरीच्या काड्यांच्या ढिगामागे लपलो, फार उत्तम लपलो, आणि दिवस कलेपर्यंत मला शोधायला कुणी आलं नाही.

त्या उन्हाळ्यात मग मी बागेत शाळा भरवली. आमची संत्र्याची बाग दोनेकशे झाडांची. नदीच्या अंगाला एका ओळीत बरोबर अकरा झाडं होती. त्यांना मी गेलेल्या दहा जणांची नावं दिली, अकराव्याला माझं. दुपारी सगळे कडुनिंबाखाली निजले की हजेरी घेई, आणि प्रत्येक झाडाच्या वतीनं आवाज बदलून ‘हजर’ही मीच म्हणे.

पण तो काळ ताणाचा होता. संत्र्याला पावसाळी बहार हवा असेल तर उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडतात. पानं कोमेजून द्रोणासारखी वळली, झाड अगदी मरणाला टेकलं, की मग मृगाच्या पाण्यानं ते फुलून येतं. तहानल्याशिवाय संत्रा फुलत नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक. बाबांनी विहिरीवरच्या मोटरीचा खटका दोरीनं बांधून ठेवला होता. आणि जेवताना मायला म्हणाले होते, "यंदा बहार आला तं राहू टापूवर. नाही तं चाल, सौंसरले."

मला राहायचं होतं. काहून ते विचारू नका. एकट्या पोराला ओसाड गाव का आवडावं, हे मलाही सांगता येत नाही. एवढं कळत होतं, की आपणही गेलो तर हजेरी घ्यायला कुणी उरणार नाही. म्हणून बहार येणं माझ्यासाठी जीवनमरणाचं होतं. आणि तो यावा म्हणून या शहाण्यानं काय करावं? रोज दुपारी, तापल्या वाळूत पाय भाजत, नदीच्या डोहातून तुपाच्या डब्यानं पाणी आणून त्या अकरा झाडांच्या बुडाशी घातलं! माहीत होतं सगळं. पण वर्गातली पोरं डोळ्यांदेखत वाळत होती हो... बाकीच्या बागेचा ताण ताण होता, यांची तहान होती.

मृग लागला आणि बाग फुलली. पांढरी, मेणासारखी फुलं. असा वास, की पलीकडच्या काठावर लोक थबकत. माझी अकरा झाडं मात्र हिरवीगार, टवटवीत आणि वांझ. त्या आठवड्यात बाबा म्हणाले, "यंदाचं फूल धरत नाही. सौंसरले जाऊ." बाकीची सगळी झाडं पांढरी झालेली होती, पण मला दिसायची ती अकराच. कढईच्या दोन फेऱ्यांत आमचा संसार पलीकडे गेला. गिरक्या घेत मी एकदा टापू पाहत होतो, एकदा सौंसरची वाट. टापू दिसला की डोळे मिटून घ्यायचो. वास मिटता येत नव्हता.

पुढली पस्तीस वर्षं हा गुन्हा मी कुणाला सांगितला नाही. त्या मुलीच्या प्रश्नानंतर संध्याकाळी घरी आलो. बाबा ओसरीवर संत्रं सोलत होते. ती कढई आता अंगणात असते, गाईला पाणी प्यायला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले. "डोहापासून झाडापावतर पायाचे ठसे. चोरी करनारा अनवानी येते का बे?"

"मग बोलले काहून नाही?"

"गेलो होतो बोलाले. तू हजेरी घेऊन राहिला होता." त्यांनी एक फोड बाजूला ठेवली. "मंग कोन बोलते?"

मी म्हणालो, पण माझ्यामुळं बहार गेला, गाव सुटलं.

"बहार?" बाबा हसले. "त्या साली फुलली तशी बाग मी जलमात पाह्यली नाही. अकरा झाडानं काय होते?"

दोनशेतून अकरा. चौथीतल्या पोराला जमणारी वजाबाकी मला पन्नाशी जवळ आली तरी सुचली नव्हती. गुरुजींना गिरक्या दिल्याचा हा हिशेब असावा. मी विचारलं, मग आपण निघालो काहून?

"मास्तर म्हने, एका पोरासाठी शाळा नाही ठेवत आता. तुले खरं सांगतलं असतं, तं तू म्हनला असता, मले शाळाच नोको." ते सालं गोळा करू लागले. "म्हनून फुलाचं सांगतलं."

बाग अशी फुलून आलेली असताना हा माणूस दोर ओढत तिच्याकडे पाठ करून गेला होता... आणि ज्याच्यासाठी गेला, तो शिकून-सवरून काय झाला, तर दुसऱ्यांच्या बेटांची नावं पाठ करून घेणारा.

मागच्या रविवारी टापूवर गेलो. आता पूल आहे, सिमेंटचा, रुंद. त्यावरून जायला कुणी नाही. शाळेच्या खोलीत रानवेल शिरलेली. बाग कधीच वाळली. नदीच्या ओळीत मात्र एक झुडूप उभं होतं, काटेरी, दाट. संत्र्याचं कलम जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, खुंटावर बांधतात. वरचं गोड झाड मेलं की खालचं आंबट मूळ कधीकधी पुन्हा फुटतं. ओळीत कितवं, ते मी मोजू लागलो. मग नको वाटलं, आणि अर्ध्यावरच थांबलो.

एक खडबडीत, पिवळं जंबेरीचं फळ बाबांसाठी आणलं. त्यांना आताशा कमी दिसतं. त्यांनी ते नाकाशी धरलं, नखानं साल थोडी खरवडली, पुन्हा नाकाशी धरलं. बराच वेळ.

"पानी घातलं त्याले?"

"घातलं," मी म्हणालो. "बाटलीत होतं तेवढं."