जिनिंगमधला आत्मा

चहा घ्या, मग सांगते माझ्या तोंडानं मला कसं गोत्यात आणलं ते. मी आर्किटेक्ट, पांढुर्ण्याजवळच्या सौंसरची. जुने बंद कारखाने दुरुस्त करून नव्या कामाला लावायचे, हा आपला धंदा. त्यात बोलायची भारी हौस.

पांढुर्ण्यात भर वस्तीत वसंतकाकाजींची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, कैक वर्षं बंद पडून होती. काकाजी माझ्या बाबांचे दोस्त. त्यांना तिथं दुकानं काढायची होती. एक कापडवाले आणि एक ट्यूशनवाले सर जागा घ्यायलाही तयार होते. पण काकाजींचं म्हणणं, सगळं पाडून नवं बांधू.

झाडझूड करणाऱ्या मजुरांसमोरच मी त्यांना म्हटलं, "काकाजी, या इमारतीत अजून आत्मा आहे. मी त्याला इथून जाऊ देणार नाही."

काकाजींनी इमारतीकडे पाहून हात जोडले. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी एकही मजूर आला नाही. मिस्त्रीला फोन केला, तर म्हणे रामाकोना गावी लग्न आहे. सगळ्यांच्याच घरचं? हो, सगळ्यांच्याच. मग ट्यूशनवाल्या सरांनी कळवलं, पोरांचे मायबाप नाही म्हणून राहिले. कापडवाल्यांनी तर फोन उचलणंच सोडलं. शेजारच्या काकू मला पाहिलं की नातवाला घरात घेऊन जायच्या.

शेवटी मिस्त्रीला घरी जाऊन गाठलं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुमीच त म्हनलं, आतमंदी आत्मा आहे. वरून त्याले जाऊ बी देऊन नाही राहिले तुमी."

मी त्याला नीट समजावलं. आत्मा म्हणजे ह्या जुन्या विटा, ह्या कमानी. त्यानं मान हलवली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आत्मा कमानीत राहते.

काकाजी म्हणाले, "पोरी, तूच त्याले ठेवून घेतलं नं, आता तूच वाटे लाव."

मग पूजा झाली. हातात नारळ घेऊन अख्ख्या मोहल्ल्यासमोर मी जाहीर केलं, की या इमारतीत आता आत्मा उरलेला नाही. लगेच मजूर आले, दुकानदारही परतले. कमानी वाचल्या, काम झालं.

उद्घाटनाला मी नागपूरच्या कॉलेजातल्या माझ्या सरांना मुद्दाम बोलावलं. जुन्या इमारतींचं काम मी त्यांच्याकडूनच शिकले. काकाजींनी मला पुढं उभं केलं आणि माइकवर मोठ्या अभिमानानं सांगितलं, "ही आमच्या सौंसरची पोरगी. इनं या बिल्डिंगीतला आत्मा पार काढून टाकला."

टाळ्या झाल्या. कॉलेजचे सर माझ्याकडे वाकून म्हणाले, "हो, आत शिरताच लक्षात आलं माझ्या."