रशियाचं स्थळ

"बाकी समदं ठीक. पन तठी पानी कसं हाये?" आबांनी विचारलं.

मी व्हिसा समजावून सांगत होते, आणि हे पाण्यावर! जळगावात माझं छोटं ऑफिस होतं. पासपोर्ट, तिकिटं, परदेशातल्या अॅडमिशन अशी कामं मी करत असे. नव्वदचं दशक होतं. आमच्याकडची मुलं डॉक्टर व्हायला रशियाला जायला लागली होती. समोर फैजपूरचे आबा बसले होते, केळीचे मोठे बागायतदार. सोबत त्यांचा मुलगा आणि नात वैशाली. वैशालीची इथली मेडिकलची सीट थोडक्यात हुकली होती. रशियातल्या कॉलेजचं इन्व्हिटेशन आलं होतं. हे तिथलं बोलावणं. ते असल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. सोमवारपर्यंत होकार कळवला नाही तर सीट दुसऱ्याला जाणार होती, आणि वैशालीला पाहायला पाहुणे तयारच होते. घरात शब्द चाले तो आबांचा. वडील नुसती मान हलवत.

"पाणी चांगलं आहे, आबा. हॉस्टेलही चांगलं. थंडी कडक, पण खोल्या गरम ठेवतात."

"आन् शेजार?"

मला हसू आलं. हे तर सोयरीक जमवायला बसले होते! पण मीही या धंद्यात मुरलेली. धुळ्याचा मिलिंद त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता आणि सुट्टीवर घरी आला होता. त्याला बोलावून घेतलं. "आहे ते सांग," एवढंच बजावलं.

मिलिंदने काय सांगावं? जेवण छान, प्रोफेसर छान, बर्फसुद्धा छान! भिडस्त पोरगा. पाहुण्यांपुढे वाईट बोलायचं कसं, म्हणून सगळ्यालाच छान म्हणत सुटला.

तो गेल्यावर आबा शांतपणे म्हणाले, "ताई, ज्या स्थळात काहीच खोट निंघत नाही, तठी आमी पोरगी देत नाही."

"आबा, हे लग्न नाहीये."

"पोरगी तं परक्या घरी जाऊन राह्यली ना?"

मग मिलिंदचं घरच बघायचं आबांनी ठरवलं. शनिवारी त्या सगळ्यांना घेऊन मी एसटीने धुळ्याला गेले, मिलिंदच्या घरी. पण थेट घरी जातील तर ते आबा कसले! आधी गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात शिरले आणि सरळ विचारलं, "हे लोक कसे?" मी रस्त्यात उभी, लाजेने चूर.

"माणसं सरळ आहेत," दुकानदार म्हणाला. "बाई मात्र तोंडावर बोलणारी."

आबांचा चेहरा खुलला. त्यांना हवं होतं ते सापडलं होतं.

मिलिंदची आई, शांताबाई, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, भिंतीला मिलिंदचा बर्फातला फोटो. अशा चौकशीला आबा आपल्या सोयऱ्यांबाहेर कधी गेले नसावेत. पण चहा त्यांनी आवडीने घेतला आणि मुद्द्यावर आले. "बाई, तुमचा पोरगा तठी राह्यला कसा?"

"खोटं काय सांगू, भाऊ? पहिला साल बठ्ठा रडामा गया."

अख्खं वर्ष रडण्यात गेलं, हे ऐकताच मिलिंद उठून आत पळाला.

मग शांताबाईंनी सगळं काढलं. पहिलं वर्ष नुसतं रशियन भाषा शिकण्यात जातं. मिलिंद इथून एक अक्षर न शिकता गेला होता. अॅनाटॉमी म्हणजे शरीररचनेचा विषय. पुढच्या वर्षी त्याच्या तोंडी परीक्षेत उत्तर येत होतं, पण रशियनमध्ये सांगता आलं नाही, नापास झाला. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडायचा. साधी खिचडी टाकता येत नव्हती, त्यामुळे पोटाचे हाल. फोनवर एकच बोलणं, 'आई, माले घर बलाव.'

सीट गेली, असं मी धरून चालले. वैशाली मान खाली घालून बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

"मंग बलावला का नाही?" आबांनी विचारलं.

"नही बलावं. म्हनं, आधी भाषा शिक, रांधाले शिक, मंग रड. आते परत जावानी घाई शे त्याले."

आबांनी कप खाली ठेवला. "मंग जमलं," ते म्हणाले. "खोट कळली. आता तयारी करता येते." मग नातीकडे वळून त्यांनी विचारलं, "जाशीन?"

इतक्या दिवसांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"जाईन," वैशाली म्हणाली. रडतच म्हणाली, पण खणखणीत.

सोमवारी होकार गेला. सुट्टीभर मिलिंदने तिला रशियन अक्षरं शिकवली, घरी तिच्या आईने तिला स्वयंपाकाला जुंपलं. पहिल्या हिवाळ्यात तीही रडलीच. पण तोंडी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. पुढे डॉक्टर होऊन आली, आणि यावलला तिचा दवाखाना उत्तम चालतो.

त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी पाठवू लागले. काही जण त्या घरातूनच माघारी फिरले, माझं कमिशन बुडालं. बुडू दे. जे गेले, त्यांतलं कोणी अर्ध्यातून परत आलं नाही. म्हणून एजंट असूनही सांगते: परदेशाची चौकशी एजंटकडे करू नका. तिथं राहून आलेल्या मुलाकडेही नको. त्याच्या आईकडे करा.