फिटरच्या नावाचं पान

काल सिल्वासाजवळच्या सामरवरणीच्या घरी कपाट आवरताना कारखान्यातल्या जुन्या फ्लॉपींचा डबा सापडला. झाकण उघडताच धाग्याला लावायच्या तेलाचा कडवट वास नाकात गेला आणि तीस वर्षांनीही माझं डोकं तापलं.

शब्दावर बोट ठेवलं की पान उघडतं, ही म्हणे इंटरनेटची करामत. कसली करामत? सिल्वासात इंटरनेटचं नाव कुणी ऐकलंही नव्हतं, तेव्हा धाग्याच्या कारखान्यात आम्ही तेच करत होतो. धुळ्याकडचे फिटर शांतारामभाऊ मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे आणि मी तो कॉम्प्युटरवर लिहायचो. ‘बेअरिंग’ शब्दावर एंटर मारलं की बेअरिंगचं पान यायचं, तिथून तेलाचं. प्रत्येक पानाखाली शांतारामभाऊंचं नाव होतं. त्यावर एंटर मारलं की त्यांनी सांगितलेली सगळी पानं समोर यायची.

नव्या मॅनेजरसाहेबांनी ते पाहिलं. “छान आहे. हेड ऑफिसला दाखवू. फक्त फिटरचं नाव काढा, डिपार्टमेंटचं टाका.”

शांतारामभाऊ माझ्या खुर्चीमागेच उभे होते. साहेब गेल्यावर मला म्हणाले, “जाऊ द्या ना भाऊ. मशीन चाललं म्हणजे झालं.”

मी एकेक पान उघडून नाव पुसत गेलो. शेवटच्या पानापर्यंत ते मागे उभे होते.

इतकी वर्षं मी त्या मॅनेजरला शिव्या घालत आलो. पण त्याने कीबोर्डला हातसुद्धा लावला नव्हता.