जपून ठेवलेला गारवा

बाबांनी खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये जुनी गाडी आणली तेव्हा मी बारावीत होते. गाडीच्या एसीतून नुसती गरम हवा यायची. होळीनंतर बाबा आम्हाला घेऊन चेरीतालच्या मेकॅनिककडे गेले. त्याने पाइपांना काट्यांची दोन मीटरं जोडली आणि गॅस भरला. थोड्या वेळाने समोरच्या जाळीतून असा गार वारा आला की आईने पदर अंगाभोवती घेतला.

बाबांनी लगेच एसी बंद केला.

"काहून बंद केलं?" आई म्हणाली.

"संपून जाईल ना. पोरीच्या कॉलेज-प्रवेशाच्या दिवशी लागेल."

आमच्या घरात गॅस म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर, जपून वापरला तर जास्त दिवस पुरणारा. शिवाय बाबांच्या मनात एक जुनी गोष्ट होती. फॅक्टरीच्या मुलाखतीला ते भर उन्हात सायकलने गेले होते. शर्ट अंगाला चिकटलेला, घामाने कागद ओले. नोकरी लागली, पण तिथल्या बाबूने ते कागद दोन बोटांत कसे धरले होते, हे ते विसरले नव्हते. "तू तशी नाही जाणार," एवढंच म्हणायचे.

खरं तर मला माहीत होतं. पुस्तकात फ्रिजबद्दल वाचलं होतं, गॅस आतल्या आत फिरतो, वापरल्याने संपत नाही. दोन-तीनदा सांगायला गेले. पण बाबांना चूक म्हणणारी मी कोण, असं वाटून परत फिरले. अख्खा उन्हाळा आम्ही काचा खाली करून, तोंडाला दुपट्टे बांधून फिरलो.

प्रवेशाच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सगळ्या काचा नीट वर केल्या आणि एसीचं बटण दाबलं. गरम हवा आली. पुन्हा दाबलं. तीच.

वाटेत महाराजपूर येईपर्यंत ते बटण दाबून बघत राहिले. मग म्हणाले, "मी तर एक दिवसही वापरला नाही."

मला राहवलं नाही. "बाबा, वापरल्याने संपत नाही तो. मला माहीत होतं."

त्यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, रागावतील. त्यांनी काच खाली केली, खिशातला घडी न मोडलेला रुमाल मला दिला आणि म्हणाले, "सांगायचं ना, बेटा. त्याच्यासाठीच तर शिकवून राहिलो."

प्रवेश झाला. माझा कुर्ता पाठीला चिकटलेला होता, पण तिथे कोणी पाहिलंही नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गॅस भरताना मेकॅनिक हसला. "भैया, इसको चलाते रहो. बंद रखोगे तो रबर की सील सूख जाती है, गैस वहीं से निकल जाती है. हफ्ते में दस मिनट, ठंड में भी."

बाबांनी ते अक्षरशः पाळलं. त्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी आम्ही दोघं स्वेटर-मफलर घालून उभ्या गाडीत एसी लावून बसायचो. आई खिडकीतून चहा द्यायची. "थंडीत थंडी खाऊन राहिले बाप-लेक!"

बाबा हात चोळत विचारायचे, "करू का बंद?"

मी घड्याळ बघायचे. "नाही बाबा, अजून चार मिनिटं."

आणि ते मुकाट्याने बसून राहायचे.