केलरबाईंचा खेळाचा तास

फ्राऊ केलर यांचं नाव आधी घेतो. बाकीचं मग सांगतो.

जर्मनीतल्या एर्लांगेनजवळच्या एका रेहा क्लिनिकमध्ये त्या थेरपिस्ट आहेत. रेहा म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा कामाला लायक करायची जागा. खेळ, बागकाम, गाणं यांतून उपचार करणं हे बाईंचं काम. त्यासाठी त्या शिकल्यात, परीक्षा देऊन सरकारी परवाना घेतलाय. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. खेळ घ्यायलाही परवाना लागतो हे ऐकून मला हसू आलं होतं. आता येत नाही.

मी पायदळातला निवृत्त हवालदार. गाव पाटण तालुक्यात. पेन्शनवर आल्यावर पुण्यात हॉटेलात स्वयंपाकाला लागलो, तिथून एर्लांगेनच्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये आलो. गेल्या हिवाळ्यात तंदूरसमोर उभा होतो. हातातली सळई पडली. वाकून उचलायला गेलो तर उजवा हात ऐकेना. स्ट्रोक.

इथला माझा व्हिसा नोकरीवर आहे. हात परत आला नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर परत जा. मुलगी गावाकडं नर्सिंगला आहे. रेहामध्ये गेलो तेव्हा डोक्यात तेवढंच होतं.

तिथं रोज दुपारी खेळाचा तास असे. मी वेळेआधी हॉलमध्ये जाऊन उभा राहायचो. बूट पुसलेले. कोणी विचारलं, दुखतंय का, की मी म्हणायचो, "नो मॅडम. ऑल ओके." पलटणीत सिक रिपोर्ट करणाऱ्याकडे लोक कामचुकार म्हणून बघतात. ती सवय जात नाही. आणि मला वाटायचं, हा तास म्हणजे मेडिकल बोर्ड. कमी पडलो तर बाई अनफिट लिहिणार.

माझ्या ग्रुपमध्ये हेर फोगेल, म्हणजे फोगेलसाहेब, होते. निवृत्त बसड्रायव्हर. डावी बाजू गेलेली, व्हीलचेअरवर. मला बघितलं की ओरडायचे, "उठा रे, जनरलसाहेब आले!"

"जनरल नाही. हवालदार," मी म्हणायचो.

"मग तर जास्तच घाबरायला पाहिजे."

एक दिवस बाईंनी हॉलच्या मधोमध नेट बांधलं. खुर्चीत बसून खेळायचा व्हॉलीबॉल. चेंडू हलका, फुग्यासारखा. फोगेल नेटपलीकडे बसले आणि चांगल्या उजव्या हाताने त्यांनी सर्व्हिस केली.

चेंडू माझ्याकडे आला. मी हात उचलला नाही. खुर्चीतून उठलो आणि हॉलच्या बाहेर चालू लागलो. सबंध नोकरीत मी कधी परेड सोडली नव्हती.

खोलीत येऊन बॅग भरली. बेडवरची चादर घडी करून ठेवली. म्हटलं, आता नाव कटणार.

दारावर टकटक झाली. "आत येऊ का?" फ्राऊ केलर.

मी सावधान उभा राहिलो. "माझी चूक, मॅडम. पण कामाला मी फिट आहे. तसं लिहा."

त्यांनी आधी बॅगेकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसल्या. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या किचनमधल्या जर्मनमध्ये झालं. मला कळलं ते असं : "ही परीक्षा नाही. हा उपचार आहे. औषध नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पण का नको ते मला कळलं, तर मी औषध बदलू शकते."

मग मी सांगितलं. घरातसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

आमची पोस्ट उंचावर होती. नऊ महिने बर्फ. पलटणीत खेळ हीसुद्धा परेड असते. साडेचारला गेम्स परेड, फॉल इन, हेलिपॅडवर नेट. समोरच्या टीममध्ये लान्स नायक मारुती शेलार असायचा. माझ्याच तालुक्यातला, वायरलेस ऑपरेटर. हरणाऱ्या टीमने रात्री चपात्या लाटायच्या, म्हणून सर्व्हिस करण्याआधी ओरडायचा, "हवालदारसाहेब, चपाती लाटायला घ्या, आलोच!"

एका सकाळी तो पेट्रोलबरोबर, म्हणजे गस्तीच्या तुकडीबरोबर, गेला. अर्ध्या वाटेवर बर्फाचा कडा सुटला. मी पोस्टवर वायरलेस सेटवर होतो.

"चार्ली टू, चार्ली टू, रिपोर्ट. ओव्हर."

उत्तर नाही.

"मारुती, बोल रे. ओव्हर."

बर्फ उकरून आम्ही त्याला दुपारी बाहेर काढला. बरोबरच्या दोघांनाही. तिघेही गेले होते.

साडेचारला शिट्टी झाली. कंपनी कमांडरचा हुकूम, गेम्स परेड होईल. पोरं बंकरमध्ये बसून राहिली असती तर आणखी कोणीतरी हातचा गेला असता. हुकूम बरोबर होता, असं मी आजही म्हणतो. आम्ही खेळलो. समोर त्याची जागा मोकळी होती.  त्यानंतर मी चेंडूला हात लावला नाही.

 फ्राऊ केलर म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मी विचारते. नेट लावायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर आपण बागेत काम करू. रिपोर्ट त्याने बिघडणार नाही."

आठवडाभर मी बागेत कुंड्या भरल्या. रात्री झोप येत नव्हती. मग एका सकाळी मीच म्हटलं, "मॅडम, नेट लावा. पण समोर एक जागा मोकळी ठेवायची."

फोगेलनी विचारलं, "तिथं कोण बसणार?"

"लान्स नायक मारुती शेलार."

 त्यांनी आपली खुर्ची एका हाताने बाजूला सरकवली. "गेनाऊ, बरोबर. मग पहिली सर्व्हिस त्यालाच द्या."

मी दिली. चेंडू मोकळ्या जागेत पडला आणि घरंगळत भिंतीला लागला. कोणी उचलायला गेलं नाही. उजवा हात खांद्याच्या वर गेला होता, हे मला बाईंनी नंतर सांगितलं.

आता मी कामावर आहे, पण अर्धाच वेळ. दोन बोटं अजून बधिर आहेत. व्हिसा पुढं वाढेल की नाही, कळत नाही. पत्रपेटी रोज दोनदा उघडून बघतो.

लान्स नायक मारुती शेलार. शिपाई दत्ता कदम. शिपाई बाळू मोरे. मारुती तिघांत मोठा, तोही तिशीच्या आतला. दत्ताला गाता येत नव्हतं, तरी गायचा. बाळूचं लग्न ठरलं होतं.

निघताना बाईंना काही द्यावं म्हटलं, तर पेशंटकडून भेट घेत नाहीत. नियम आहे. ठीक आहे. फ्राऊ केलर, एक दिवस मी कोणाचा पेशंट नसेन. त्या दिवशी दोन्ही हातांनी पुरणपोळ्या लाटून तुमच्या दारात येईन. हा माझा शब्द आहे.