खालच्या मावशींची बिस्किटं

माझ्या हातची कणीक माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे नावाजलेली आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा पुढचा राग समजेल. लग्न ठरायच्या आधी सासूबाई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. माझी पोळी त्यांनी दोन बोटांनी उचलून पाहिली आणि मग शिक्षणबिक्षण काही विचारलंच नाही. अशा माझ्या हाताखालून एका अमेरिकन बाईनं पिठाचं भांडं ओढून घेतलं आणि "मळू नकोस" म्हणून बजावलं. माझं डोकंच फिरलं. पण त्यांचं काय पणाला लागलंय ते मला माहीत होतं, म्हणून तोंड मिटून उभी राहिले. तोंड मिटणं मला एरवी जमत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेच्या थंड उत्तरेत, ईडन प्रेरी नावाच्या गावात, एका अपार्टमेंटात वरच्या मजल्यावर राहायचो. नवरा कॉम्प्युटरवाला, त्याच्या व्हिसावर मी आलेले, म्हणजे मला नोकरीची बंदी. पुण्यात बँकेत काउंटरवर बसून दिवसाला शंभर माणसांशी बोलणारी बाई मी, आणि इथे आठ महिने कपाटं पुसत होते. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि बाहेर बर्फ. नवरा संध्याकाळी घरी आला की मी त्याच्याशी इतकी बोलत सुटायचे, की तो म्हणायचा, "यार, आधी बूट तरी काढू दे."

आमच्या बरोबर खाली एक म्हातारं जोडपं होतं. बाई मूळच्या केंटकीच्या, तिकडे दक्षिणेतल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी थंडीत येऊन पडलेल्या. मला नावानं हाक मार म्हणायच्या. सत्तरीच्या बाईला नावानं हाक मारायची म्हणजे माझी जीभच रेटेना, म्हणून मी सरळ मावशी म्हणायला लागले. त्यांनाही ते आवडलं. त्यांचे यजमान मग ओघानंच काका झाले. काका वॉकर घेऊन चालायचे, कमी बोलायचे आणि ताटात पडेल ते खायचे.

जानेवारीत मावशी पार्किंगमध्ये बर्फावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. मी दुसऱ्या दिवशी वरणभात घेऊन खाली गेले तर त्या टेबलाशी रडत बसल्या होत्या. मला वाटलं हात दुखतोय. तर म्हणाल्या, हाताचं काही नाही, मुलाचा फोन आला होता. मुलगा शिकागोला. त्यानं तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठीची एक जागा बघून ठेवली होती. आता तुझ्यानं घर चालणार नाही, रविवारी येतो, तेव्हा काय ते ठरवू, असं म्हणाला होता. "ठरवू म्हणजे त्याचं ठरलंय," मावशी म्हणाल्या.

मग डोळे पुसून त्यांनी मला बेत सांगितला. लग्न झाल्यापासून दर रविवारी सकाळी त्यांच्या घरात ताकातली बिस्किटं व्हायची. बिस्किटं म्हणजे आपली चहातली नव्हेत. छोट्या पावासारखी, फुगलेली, मऊ, पदर सुटलेली. बाळंतपणातसुद्धा त्यांनी हा रविवार चुकवला नव्हता. या रविवारी मुलगा आला आणि टेबलावर गरम बिस्किटं दिसली, तर त्याला कळेल की घर चाललंय. हात मात्र माझे हवेत. मी पहाटे येऊन करायची, तो यायच्या आत वर निघून जायचं, आणि मावशी सांगणार की डाव्या हातानं केली.

खोटेपणाच होता, पण मला बेत फार आवडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी माझं काम पडलं होतं. म्हटलं, पिठाचं काम ना, चिंताच करू नका.

मंगळवारी सकाळी कंबर कसून खाली गेले. मावशी सामान काढून द्यायला लागल्या, तोवर माझं सुरूही झालं होतं. मैदा, मीठ, बेकिंग पावडर घेतली. बटर कढल्यात घालून कडकडीत तापवलं आणि पिठावर ओतलं. चर्र आवाज झाला. मावशी खुर्चीतून उठल्याच. मी त्यांना समजावलं की याला मोहन म्हणतात, शंकरपाळे असोत की करंज्या, कडकडीत मोहनाशिवाय खुसखुशीत होतच नाहीत. मग ताक घातलं. तेही ताक कसलं, पुठ्ठ्याच्या खोक्यातलं, दह्यापेक्षा घट्ट. आणि मग चांगलं दहा मिनिटं मळलं, तळहाताच्या टाचेनं रेटून रेटून, गोळा लोण्यासारखा गुळगुळीत होईपर्यंत. वर ओलं फडकं झाकून अर्धा तास मुरायला ठेवला. मावशींनी मला अडवलं नाही. त्यांना वाटलं असेल, आमच्याकडे काही वेगळी रीत असेल.

ओव्हनमधून जे निघालं ते टेबलावर ठेवताना टक्कन वाजलं. काकांनी एक उचललं, कॉफीत बुडवलं, वाट पाहिली, पुन्हा बुडवलं. आणि निमूटपणे खाल्लं. मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो. मी म्हटलं, तुमच्या मैद्यातच काहीतरी खोट आहे.

बुधवारी मावशींनी सूत्रं हातात घेतली. बटर फ्रीजमधून काढलेलं, दगडासारखं गार. त्याचे तुकडे पिठात टाकून बोटांच्या टोकांनी नुसते चुरायचे, वाटाण्याएवढे राहिले पाहिजेत. वितळू द्यायचे नाहीत. ताकही गार. हे सगळं माझ्या जन्मभराच्या शिकवणीच्या उलट, पण केलं. मग पीठ गोळा झालं आणि माझा तळहात आपोआप कामाला लागला. "मळू नकोस," मावशी म्हणाल्या. मी थांबले, आणि दोन क्षणांत हात पुन्हा चालू. त्यांनी डाव्या हातानं भांडंच ओढून घेतलं. हेच ते भांडं, ज्याचं मी सुरुवातीला सांगितलं.

तुम्हाला हसू येईल, पण मला खरंच जमत नव्हतं. खडबडीत, भेगाळलेला, अर्धवट कोरडा गोळा समोर असताना त्याला तसाच सोडायचं म्हणजे माझे हात शिवशिवायचे. आईनं असा गोळा पाहिला असता तर मला पाटावरून उठवलं असतं. बुधवारची बिस्किटं मंगळवारपेक्षा बरी होती, म्हणजे चावता येत होती. गुरुवारी मावशींनी पीठ कालवायला माझ्या हातात जेवणाचा काटा दिला आणि पिठाला हात लावायची बंदी केली. त्या दिवशी अर्धं पीठ ओट्यावर सांडलं. काकांनी तिन्ही दिवसांचं सगळं खाल्लं. पुढे पुढे तर माझी चाहूल लागली की ते कॉफी ओतून तयार बसायचे.

गुरुवारी संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, माझ्यामुळे त्या बाईला घर सोडावं लागणार. मी मोठमोठ्यानं रडले. तो बिचारा म्हणाला, "अगं, तू घडीच्या पोळीला जेव्हा घडी घालतेस, तेव्हा कुठे मळतेस?" त्याला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, पण हे बरोबर होतं.

शुक्रवारी मी गोळ्याला गोळा मानलाच नाही. ओट्यावर थापला, मनात म्हटलं ही पोळी आहे, आणि घडी घातली. पुन्हा थापला, पुन्हा घडी. चार वेळा. घडी घातल्यावर पोळीला दाबून मळत नाहीत हे माझ्या हातांना ठाऊक होतं, त्यामुळे ते मुकाट राहिले. वाटीनं गोल कापले. वाटी फिरवू नकोस, सरळ दाब, एवढंच मावशी म्हणाल्या. ओव्हनच्या काचेतून आम्ही दोघी वाकून बघत होतो. कडा वर चढायला लागल्या आणि पदर दिसायला लागले, तसा मावशींनी प्लास्टरचा हात माझ्या खांद्यावर टाकला. चांगलाच लागला, पण मी हलले नाही.

रविवारी सगळं बेतासारखं झालं. मी पहाटे बिस्किटं केली, भांडी घासली, ओटा पुसला आणि वर पळाले. खाली गाडी लागल्याचा आवाज आला. मी जमिनीवर कान लावून बसले होते आणि नवरा मला हसत होता. पंधरा मिनिटांनी दारावर टकटक झाली. दारात पन्नाशीला आलेला उंच माणूस, हातात अर्धं बिस्किट. म्हणाला, वडील विचारतायत, रोज सकाळी बिस्किटं करणारी मुलगी आज खायला का आली नाही.

काकांना बेत सांगायचा राहिलाच होता.

मी खाली गेले, मागोमाग नवराही आला. मावशी मान खाली घालून बसल्या होत्या. काका खुशीत बटर लावत होते. मुलगा शांतपणे म्हणाला, "मॉम, हेच तर मी सांगतोय. तुझ्यानं होत नाही, म्हणून तुला शेजारणीला बोलवावं लागतं. उद्या ही नसली तर?" मावशी डाव्या हातानं टेबलावरचा चुरा गोळा करायला लागल्या. ते मला पाहवेना.

मी रागावले की माझं इंग्लिश पळून जातं. तरी जे आलं ते बोलले. म्हटलं, तुमच्या आईनं मला उपकारासाठी बोलावलं नाही, शिकवायला बोलावलं. तीन दिवस मी रोज चुकत होते आणि त्या एका हातानं शिकवत होत्या. मला अजून बिस्किटांवरची ग्रेव्ही शिकायची आहे. मग ॲपल पाय. तुम्ही त्यांना नेलंत तर मी काय करू, वर बसून कपाटं पुसू? माझा आवाज चढला होता आणि नवरा मागून माझा दुपट्टा ओढत होता. मी म्हटलं, आणि मी रोज येणार आहे, तुम्हाला पटो न पटो.

काका म्हणाले, "ग्रेव्ही चांगली कल्पना आहे."

मुलगा दुपारी निघाला. न्यायचं काय, ते तो बोलला नव्हता आणि मावशींनी विचारलं नव्हतं. म्हटलं, माझ्या तोंडानं घात केला. तो गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. मी केर टाकायच्या निमित्तानं खाली उतरले आणि माफी मागितली. तो खरवडतच राहिला. मग म्हणाला, "मला त्यांना न्यायचं नाहीये. पण आई पडली त्या दिवशी मी फोन करत होतो, करत होतो आणि इकडे कुणी उचलत नव्हतं. मग पुढे कुणाला करायचा, ते मला माहीत नव्हतं." त्यानं हातमोजा काढला, खिशातून छोटी वही काढली आणि माझा फोन नंबर विचारला.

मला माझाच नंबर सांगता येईना. वर पळत गेले, फोनवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून उतरवून घेतला आणि धापा टाकत त्याला आणून दिला. त्या देशात तोवर मला तो कुणी विचारलाच नव्हता.